मातृभाषेची तोंडी

“‘कुजबुज’ हा शब्द तुला कुठे सापडला?” शेवडेबाईंनी विचारलं.

अश्विनीला प्रश्नच कळला नाही. शब्द म्हणजे काय हरवलेली छत्री, की कुठेतरी सापडावी? “मॅम, तो तर असतोच ना,” ती म्हणाली.

“असतो गं. पण तुझ्या तोंडून मी तो कधी ऐकला नाही. तू तर ‘धीमे धीमे वात करते’ म्हणतेस.”

टेबलावर दोघींच्या मध्ये बाईंचा मोबाईल पडला होता आणि त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. तोंडी परीक्षा रेकॉर्ड करायची, असा बोर्डाचा नियम होता. बाईंना तो मनापासून आवडायचा.

शाळा सुरतेच्या वेसू भागात होती. काचेची इमारत, आत येताच थंडगार हवा. फी ऐकून माणूस आधी पाणी मागायचा. पण नुसती फी भरून इथे प्रवेश मिळत नसे. आधी मुलाची लेखी परीक्षा, मग मुलाची मुलाखत, मग आईबापांची मुलाखत. कापडाचे व्यापारी, हिऱ्याचे व्यापारी, हजीऱ्याच्या कारखान्यांतले मोठे साहेब त्या मुलाखतीला नवे बूट घालून यायचे आणि निम्मे नापास होऊन जायचे. याशिवाय दर वर्षी काही मुलं शिष्यवृत्तीवर घेतली जात. अश्विनी सोनवणे त्यांतली एक. लिंबायत या कामगारवस्तीतल्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकलेली, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर, घरची भाषा अहिराणी. प्रवेश परीक्षेत गणिताला तिच्यापुढे कुणी नव्हतं.

शेवडेबाई म्हणजे रजनी शेवडे, साताऱ्याच्या. तिथल्या शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवलं. नवरा सुरेश बँकेत. त्यांची सुरतेला बदली झाली आणि बाईंच्या भाषेचं दुकान बसलं. या शाळेत त्यांना घेतलं ते सहावी-सातवीला हिंदी शिकवायला. शिकवलं त्यांनी, पण उपाशी माणसाने दुसऱ्याच्या घरी वाढप्याचं काम करावं तसं.

मात्र वर्षभरात त्यांचा एक वेगळाच गुण शाळेच्या ध्यानात आला. बाईंना संशय फार चांगला यायचा. घरी दुधाच्या पिशवीवरची तारीख त्या दुकानदारासमोर मोठ्याने वाचायच्या. रिक्षावाल्याने डावीकडे वळवली की “इकडून कुठे?” हे ठरलेलं. सुरेशराव म्हणायचे, “हिला देवाने प्रसाद दिला तरी ही वास घेऊन खाईल.” तोच गुण शाळेत कामाला आला. कुठला प्रकल्प मुलाने केला, कुठला ट्यूशनवाल्याने आणि कुठला संगणकाने, हे बाई दोन पानांत सांगायच्या आणि बहुधा ते बरोबर निघायचं. तेव्हा प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना कॉपी पकडण्याच्या समितीवर घेतलं. समितीचं नाव इंग्रजीत फार सुंदर होतं. मुलं मात्र बाईंना ‘सीबीआय मॅम’ म्हणायची.

आणि मग अकरावीत अश्विनीने मातृभाषेच्या पेपरला मराठी घेतलं.

बोर्डाची तशी सोय होती. मुलाने आपल्या घरच्या भाषेत एक मोठा लेख लिहायचा, मग त्यावर तोंडी परीक्षा. शाळेच्या माहितीपत्रकात याचं मोठं कौतुक छापलेलं असे; प्रत्यक्षात सगळे गुजराती किंवा हिंदी घेऊन मोकळे व्हायचे. मराठी घेणारी अश्विनी पहिलीच. बातमी कळली त्या दिवशी बाईंनी घरी शिरा केला. सुरेशरावांनी विचारलं, “आज काय विशेष?” बाई म्हणाल्या, “मला विद्यार्थिनी मिळाली.” एवढं सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि सुरेशरावांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

ते महिने बरे गेले. आठवड्यातून एक तास दोघी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसायच्या. अश्विनीचं बोलणं म्हणजे भेळ. थोडी अहिराणी, थोडी गुजराती, मधूनच हिंदी. बाई सुधारायच्या, अश्विनी हसायची, पुन्हा तेच बोलायची. “मॅम, तुमची मराठी टीव्हीवाली आहे,” असं ती एकदा म्हणाली होती. बाईंनी ते सुरेशरावांना दोनदा सांगितलं.

मग लेख आला.

“आमच्या घरात कुणी कुजबुजत नाही,” असं पहिलं वाक्य होतं. “लूमच्या आवाजाने आप्पांना ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून आमची गुपितं शेजाऱ्यांनाही ठाऊक असतात. आई रागावली की बोलत नाही, फक्त हात हलवते. आप्पांना तेवढंच स्पष्ट ऐकू येतं.”

बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. भेळ बोलणारी पोर असं निवडलेल्या तांदळासारखं लिहील? त्यांनी जुने दिवाळी अंक आठवून पाहिले, इंटरनेट पालथं घातलं, काही सापडलं नाही. शाळेने घेतलेल्या कॉपी पकडण्याच्या यंत्रात लेख घातला, तर यंत्र म्हणालं, बराचसा लेख संगणकाने लिहिलाय. बाई यंत्रावरही विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्याच यंत्रात स्वतः सुरेशरावांना लिहिलेली वाणसामानाची यादी घातली. यंत्राने तीही संगणकाच्या नावावर लावली. तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं. आपल्या कानाएवढं खात्रीचं यंत्र दुसरं नाही, असं त्यांचं मत होतं. कुठेतरी पाणी मुरतंय असं कान सांगत होता.

खरं तर उत्तर अगदी सोपं होतं. पोर लिहायला शिकली मराठी शाळेत, क्रमिक पुस्तकांतून. बोलायला शिकली लिंबायतच्या गल्लीत. लिहिणं वेगळं, बोलणं वेगळं. साताऱ्यात ही दोन्ही एकमेकांच्या जवळ राहतात, त्यामुळे बाईंना वाटलं की सगळीकडेच तसं असतं.

आता तोंडी परीक्षेत त्या तोच धागा उसवत बसल्या होत्या.

“हे सगळं तूच लिहिलंस?”

“हो मॅम.”

“कुणी तपासून दिलं? कुणी वाक्यं सुधारली?”

“नाही. घरी कोण सुधारणार? आईला तर वाचता पण नाही येत.”

“‘निवांत’, ‘कुजबुज’, ‘स्पष्ट’. हे शब्द कुठून आले?”

“पुस्तकातून.”

“म्हणजे पुस्तकातून घेतलंस.”

“शब्द घेतले, मॅम. शब्द तर सगळे पुस्तकातूनच…” तिचा आवाज चिरकला.

बाई पुढे झुकल्या. इथे माणूस कबूल होतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. “अश्विनी, मी तुला सरळ विचारते. यातलं खरं किती आणि उसनं किती? आत्ता सांगितलंस तर मी बघून घेईन.”

अश्विनीने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी टेबलावर पडलं. ते तळव्याने पुसत ती म्हणाली, “मला खोटं…” मग तिने जोरात नाक ओढलं. “…लागलं. सॉरी मॅम.”

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं. त्यांना आनंद झाला नाही. राग आला, आणि रागाखाली फार मोठं दुःख. एकुलती एक विद्यार्थिनी मिळाली आणि तीही अशी निघाली. त्यांनी अहवालात इंग्रजीत लिहिलं: विद्यार्थिनीने कबूल केलं की तिला खोटं लिहावं लागलं.

नियम कडक होता. अशा पेपरला शून्य. आणि ज्याला सचोटीत शून्य, त्याची शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्ती नाही म्हणजे अश्विनीला ही शाळाच नाही.

अश्विनीला हे कळलं तेव्हा ती मधल्या सुट्टीत धावत बाईंकडे आली. “मॅम, मी असं कुठे बोलले?”

“रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे.”

“मी तर बोलले की मला खोटं लागलं!”

“तेच तर मी लिहिलंय!”

दोघींनाही समोरची वेडी वाटली. मग अश्विनी निघून गेली. बाई स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यायल्या आणि मनाशी म्हणाल्या, पकडल्यावर सगळे असंच म्हणतात.

आठवड्याच्या शेवटी अश्विनीच्या आप्पांना, भगवान सोनवण्यांना, शाळेत बोलावलं. प्रिन्सिपल मॅडम दिल्लीच्या, त्यांना मराठी येत नव्हती. म्हणून दुभाष्या शेवडेबाई. समितीतर्फे अर्थशास्त्राच्या हेतलबेन देसाई कोपऱ्यात बसल्या होत्या. अश्विनी दारापाशी उभी होती.

सोनवणे रात्रपाळी करून तसेच आले होते, अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट मात्र ताजा होता. प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे इंग्रजीत सुरुवात केली. सोनवणे त्यांच्या ओठांकडे बघत राहिले आणि एकदम मोठ्याने म्हणाले, “काय म्हणस ती?”

मॅडम दचकल्या. बाईंच्या मनात आलं, दमदाटी करायला आलाय.

“तुमच्या मुलीने लेख स्वतः लिहिला नाही,” बाई म्हणाल्या. मग तेच पुन्हा, जरा चढ्या आवाजात. “तिने कबूल केलंय!”

“मन्ही आंडेर खोटं बोलस नही!” सोनवण्यांच्या आवाजाने टेबलावरचा काचेचा पेला किणकिणला. “मन्ही पोर शे ती. माले माहीत शे. तिनी घर ईसन सांगं, बाईनी असं इचारं, तं माले खोटं लागनं. दोन दिन जेवनी नही पोर!”

“काय म्हणतात?” प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं.

बाईंनी खांदे उडवले. “तेच. घरी जाऊनही तिने कबूल केलंय, की खोटं लिहावं लागलं.”

कोपऱ्यातून हेतलबेन म्हणाल्या, “ना, ना, रजनीबेन. एवुं नथी कहेता.”

“काय?”

“खोटुं लाग्युं. एटले… तिला वाईट वाटलं. शी फेल्ट हर्ट. आपणे रोज बोलीए छीए ने?”

“ते गुजरातीत,” बाई म्हणाल्या. “हे मराठी बोलतायत.”

हेतलबेननी दारात उभ्या असलेल्या अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी हळूच म्हणाली, “मग मराठीत काय म्हणतात?”

तिला खरोखरच माहीत नव्हतं. तिच्या घरी, गल्लीत, तिच्या मैत्रिणींत सगळे तेच म्हणत आले होते. मन दुखावलं की खोटं लागतं. त्याला दुसरा शब्द लागतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला जी बाई होती तिने तिच्यावर खटला भरला होता.

बाईंनी मोबाईल काढला. ती जागा त्यांना बरोबर माहीत होती. मला खोटं. मग नाक ओढल्याचा आवाज. लागलं. त्यांनी पुन्हा लावलं. ‘लिहावं’ कुठेच नव्हतं. आठवडाभर त्यांच्या कानात ते वाक्य पूर्ण वाजत होतं, ‘मला खोटं लिहावं लागलं’, आणि त्यातला मधला शब्द पोरीने उच्चारलाच नव्हता. तो बाईंनी स्वतःच्या पदरचा घातला होता.

“व्हॉट इज इट?” प्रिन्सिपल मॅडम.

आयुष्यभर बाईंनी दुधावर, रिक्षावाल्यावर, मुलांवर, यंत्रावर संशय घेतला. एका जागी घ्यायचा राहून गेला होता. त्या उभ्या राहून इंग्रजीत म्हणाल्या, “अहवाल चुकीचा आहे. चूक माझी आहे. तिने काहीही कबूल केलेलं नाही.”

“पण रजनी, सही तुमची आहे.”

“हो. म्हणूनच मी सांगतेय.”

मग त्या सोनवण्यांकडे वळल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, “माझं चुकलं, दादा. तुमची मुलगी खरं बोलली.”

सोनवणे रागावले नाहीत, हे बाईंना जास्त जड गेलं. “मंग बरं,” ते म्हणाले. “आते तिले जेवाले सांगा तुमीन.”

शून्य रद्द झालं. समितीतून बाईंनी स्वतःच नाव काढून घेतलं. प्रिन्सिपल मॅडमनी फारसा आग्रहही केला नाही. तोंडी परीक्षा नव्याने घ्यायची ठरली, हेतलबेनना शेजारी बसवून. नीट मराठी येणारं दुसरं कुणी शाळेत नव्हतं, तेव्हा प्रश्न विचारणार पुन्हा बाईच.

मधल्या काळात बाईंनी अश्विनीला ग्रंथालयात गाठलं. त्यांनी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. “अश्विनी, मला फार वाईट वाटतंय गं. मी तुझं ऐकायला हवं होतं.”

“ठीक आहे, मॅडम,” अश्विनी म्हणाली आणि पुस्तकात बोट ठेवून वाट बघत उभी राहिली. बाई परत फिरल्या.

तोंडीच्या दिवशी सोनवणेही आले होते. बाहेरच्या बाकावर बसले. आत अश्विनी वेणी घट्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसली. मोबाईल पुन्हा टेबलावर.

“लेखाचा विषय तू का निवडलास?” बाईंनी विचारलं.

“माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. त्यामुळे आमच्या कुटुंबाच्या बोलण्याच्या पद्धतीत बदल झाला. तो बदल मला नोंदवावासा वाटला.”

बाईंनी मान वर केली. एकही गुजराती शब्द नाही, हिंदी नाही, अहिराणीचा हेलसुद्धा नाही. पोर लिहिते तशी बोलत होती.

“आई रागावली की काय करते?”

“ती मौन बाळगते.”

मौन बाळगते! लिंबायतमध्ये कोण मौन बाळगतं? बाईंना हसू येईना. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. उत्तरं अचूक येत होती, धुऊन वाळवून घडी घातल्यासारखी. बाईंनी सोपं विचारलं, आडवळणाने विचारलं, गमतीने विचारलं. पोर कुठेही घसरली नाही. बोलण्यापूर्वी ती क्षणभर थांबायची आणि मनातल्या मनात वाक्य तपासायची. ते तपासणं बाईंना दिसत होतं. कुणाच्या धाकाने ते आलंय, हेही कळत होतं.

शेवटी राहवेना म्हणून त्या म्हणाल्या, “अश्विनी, तुमच्या घरच्या बोलीत सांग ना थोडं. आप्पांशी बोलतेस तसं. चालतं या पेपरात. मला आवडेल.”

अश्विनीने त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. नवख्या घरी चप्पल कुठे काढायची हे बघतात, तसं सावध बघणं होतं.

“नको, मॅडम,” ती म्हणाली. “मी व्यवस्थितच बोलते.”

बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले. कमी करायला काही कारणच नव्हतं. हेतलबेन खूश होऊन म्हणाल्या, “केटलुं चोख्खुं बोले छे! मला पण सगळं समजलं.” अश्विनी उठली, आवाज न करता खुर्ची आत सरकवली, “धन्यवाद, मॅडम,” म्हणाली आणि बाहेर गेली. दुधी काचेचा दरवाजा तिच्या पाठीमागे सावकाश मिटत आला.

तो पुरता मिटण्याआधी बाहेरून सोनवण्यांचा आवाज आला. “काय व्हयनं?”

“सर्व सांगं, आप्पा!” पोर एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली असतील. “सर्व सांगं मी! एक बी चुकनी नही!”

“तिनी इचारं काय, मन्हा कानसनं?”

“इचारं ना! मी तं असं काही सांगं, तुमीन ऐकतात तं खुरचीवरथीन पडतात!”

दोघंही हसली. अख्ख्या कॉरिडॉरमध्ये ते हसणं घुमलं. शेवडेबाई घाईने उठल्या होत्या. दाराच्या मुठीवर त्यांचा हात होता. एकदा बाहेर जावं, त्या हसण्यात जरासं उभं राहावं, असं त्यांना फार वाटलं. पण आपण दिसलो की पोर गप्प होईल, आणि मग पुन्हा “हो, मॅडम” म्हणेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी मूठ सोडली आणि बापलेकीचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत त्या दाराच्या आतच उभ्या राहिल्या.